हैदरमामूचे वायरचे ब्रेक

दुसरबीडचा हैदर मन्यार कोणत्याही गावात शिरायच्या आधी त्याच्या सायकलचा आवाज शिरायचा. सायकल काळी, दणकट, बापाच्या वेळची. ब्रेकला वायर नव्हती, लोखंडी दांड्या होत्या. हँडलपासून चाकापर्यंत दांडीला दांडी जोडलेली, अन् प्रत्येक जोड ढिला. गोट्यांच्या वाटेवर ती अशी खडखडायची, की बंद कवाडामागं भाकरी थापणारी बाईसुद्धा म्हणायची, मन्यार आला. मग परातीतले हात धुऊन, पदराला पुसत बाया बाहेर यायच्या, अन् हैदरमामू एखाद्या ओट्यावर बैठक मारून कॅरिअरवरची बांगड्यांची लाकडी पेटी उघडायचा.

महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली होती. सडकेनं एस.टी. धावत होती, देऊळगाव राजाच्या बाजारात प्लॅस्टिकच्या बांगड्या लटकायला लागल्या होत्या. तरी दुसरबीडपासून सुलतानपूरपर्यंतच्या गावांत काचेची बांगडी भरायची ती हैदरच्याच हातून, असं बायांचं ठरलेलं होतं.

हा माणूस बांगड्या विकायचा, पण ओरडायचा कधी नाही. भाजीवाला ओरडतो, कल्हईवाला ओरडतो, हैदर ओरडत नसे. बापानं त्याला शिकवलं होतं, की आपला माल चारचौघांसारखा नाही. मागच्या फेरीपासून या फेरीपर्यंत कोणत्या घरात काय झालं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. एखादीचं कुंकू गेलं असेल, अन् आपण तिच्याच दारापुढं 'बांगड्या घ्या बांगड्या' करून बोंबलायचं? त्यापेक्षा सायकल वाजते आहे, वाजू द्या. जिला यायचं ती येईल, जिला यायचं नाही ती आत राहील. हैदरला या शिकवणीचा फार अभिमान होता. अन् का नसावा? एवढा विचार हल्ली करतो कोण.

आता बांगडी भरणं म्हणजे तुम्हाला वाटत असेल, त्यात काय एवढं. भरून पाहा एकदा, म्हणजे समजेल. समोरचा हात शेतात राबलेला, पेरं जाड झालेली, अन् बाईचा हट्ट असा की बांगडी मनगटावर घट्टच बसली पाहिजे. मग तो हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याचं हाड हळूच आत दाबायचं, बाईला तिच्या माहेरचं काहीतरी विचारायचं, अन् ती सांगायला लागली की बांगडी सर्रकन वर. हे सगळं हैदरच्या उजव्या अंगठ्यात होतं. भरताना बांगडी फुटली तर नुकसान मन्याराचं, हा रिवाजच आहे, त्याचं हैदरला काही नव्हतं. पण बांगडी फुटली की बाया गप होतात. 'फुटली' असं कोणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. पण तोंडावरचं थोडंच लपतं.

अन् नेमका तोच अंगठा बिघडायला लागला. कारण म्हणाल तर त्या दांड्या. सुलतानपूरच्या अलीकडं एक लांबलचक उतार लागतो. मागं पेटीचं वजन, खाली गोटे, अन् दांडीचा ब्रेक असा अडेलतट्टू की दोन्ही मुठी सगळा जीव लावून आवळल्याशिवाय चाकाला लागायचाच नाही. पेटी काचेनं भरलेली. जोरात गेलं तर सगळा चुरा, म्हणून सुरुवातीपासून शेवटापर्यंत मुठी आवळलेल्याच ठेवायच्या. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर उतार संपला की बोटं सरळ होईनात, अंगठा सुजून वांग्यासारखा व्हायचा. अन् तसाच हात घेऊन समोरच्या बाईचा हात धरायचा.

व्हायचं ते झालं. सुलतानपूरच्या नारायणरावांच्या लेकीचं लग्न होतं. त्या घरात हिरवा चुडा हैदरच्या बापानं भरला, मग हैदरनं, असा पिढीजात मान. हैदर उतार उतरून आला, पाणी प्यायला, नवरीचा हात हातात घेतला अन् पहिलीच बांगडी फुटली. मग दुसरी. तिसरीच्या वेळी त्याच्या अंगठ्यानं कापरं धरलेलं सगळ्यांना दिसलं, अन् तीही गेली. नवरी रडकुंडीला आली. नारायणरावांची आई अन्नपूर्णाबाई, गल्लीत सगळ्यात मोठी, तिचा शब्द शेवटचा. ती त्याच्या हाताकडं पाहत म्हणाली, "हैदर, तुहा हात थरथरून राह्यला रे."

बस, एवढंच. पुढं चुडा भरला गेला, जेवणही झालं. पण पुढच्या लग्नाला या घरचं बोलावणं येईल की नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

घरी त्याची बायको अख्तरी वाटच पाहत होती. ती कडक बाई. तिनं त्याचा अंगठा पाहिला, मिठाच्या पाण्यात बुडवला अन् म्हणाली, "आता बस करा जी. स्टँडवर पेटी मांडा. बसल्या जागी धंदा होते, मले बी घोर नाई."

हैदरला ते पटेना. स्टँडवर बाया येणार आहेत का हात पुढं करायला? स्टँडवर येतात पुरुष. बायकोच्या हाताचं माप दोऱ्यावर घेऊन येतात, दोरा पुढं करतात, पुडी बांधून नेतात. त्यात कोणी माहेरचं सांगत नाही, कोणी चहा ठेवत नाही, बांगड्या भरून झाल्यावर बांगड्यांना अन् मन्याराला नमस्कार करत नाही. हैदरची सगळी जिंदगी त्या ओट्यांवर गेली होती. फेरी सुटली तर आपण जिवंत राहू, पण राहू म्हणजे नुसतेच राहू, असं त्याला वाटायचं. भ्यायला होता बिचारा, सरळ सांगायचं तर.

अशा वेळी देऊळगाव राजाहून नजीर आला. नजीर म्हणजे अख्तरीचा धाकटा भाऊ. बालाजीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान. बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं सायकल उलटी केली, दांड्या हलवून पाहिल्या अन् म्हणाला, "दुल्हाभाई, हे लोखंड फेका. वायरचे ब्रेक टाकून देतो. सायकल फुलासारखी हलकी होते. दोन बोटांनी दाबा, उभी राह्यते."

"दोन बोटांनी?" हैदरनं विचारलं. बाकीचं त्यानं ऐकलंच नव्हतं.

"दोन बी जास्त होतात."

सायकलवाल्यांची जात तुम्हाला ठाऊकच आहे. आधी नुसती वायर म्हणाला. मग म्हणाला, जुन्या रिमेवर वायरचा ब्रेक धरत नाही, चपट्या कडेच्या रिमा लागतील, जालन्याला जुन्या पण चांगल्या मिळतात. मग हँडलही आलं. करता करता खर्च एवढा झाला, की अख्तरीची दुभती बकरी विकावी लागली. त्याशिवाय जमतच नव्हतं. बकरी अख्तरीच्या जिवाची. पण दोर तिनंच सोडला अन् हैदरच्या हातात दिला. "घ्या," ती म्हणाली. "पण इतकं करून बी हात नाई सुधरला, नाईतर फेरी नाई चालली, तं मंग गपचूप स्टँडवर बसायचं. माह्यासमोर कबूल करा." हैदरनं कबूल केलं.

गावात ही बातमी लपते थोडीच. हॉटेलात अर्जुनराव पंचायतीचे मेंबर बसलेले. त्यांना बोलायला विषयच हवा असतो. "तारेच्या पायी बकरी घालवली म्हन्ते हैदरनं. आता बिनदुधाचा चहा पे बे. अन् तार तुटली उतारावर तं? लोखंड थे लोखंड." हैदर ऐकून घ्यायचा, अन् खरोखरच बिनदुधाचा चहा प्यायचा.

सायकल तयार झाली, अन् हैदर पहिल्या फेरीला निघाला. आता खरं काय ते सांगतो. हलकी म्हणावी तर सायकल काही फुलासारखी झाली नव्हती. दांड्या अन् त्यांचे जोड मिळून वजन ते किती, पेटीतल्या काचेपुढं त्याची काय मातब्बरी. चढावर हैदर आधी जसा धापा टाकायचा तसाच टाकत होता, अन् मनात नजीरला चार शब्द ऐकवत होता. पण उतार आला. त्यानं जुन्या सवयीनं मुठी आवळल्या, तर सायकल जागच्या जागी उभी राहिली. हैदर पडता पडता वाचला. मग त्यानं दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. सायकल पाळीव जनावरासारखी सावकाश खाली उतरत गेली, पेटीतली बांगडी बांगडीला लागली नाही. खाली पोचल्यावर त्यानं अंगठा डोळ्यांपुढं धरला. न सुजलेला, न थरथरणारा. एकटाच होता सडकेवर, म्हणून लाज न बाळगता हसला. अख्तरीची बकरी गेली ती वाया गेली नाही, असं त्याला त्या घडीला वाटलं.

मग तो पहिल्या गावात शिरला. नेहमीच्या ओट्यापाशी थांबला. कोणी आलं नाही. बाया रानात गेल्या असतील म्हणून पुढच्या आळीत गेला. तिथंही सामसूम. घरांतून जात्याचे, भांड्यांचे आवाज येत होते, म्हणजे बाया घरीच होत्या. मारुतीच्या पारापाशी येऊन तो उभा राहिला, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. सायकल वाजतच नव्हती.

आता काय करावं? त्यानं घंटी वाजवून पाहिली. घंटी वाजली तसे तीन घरांतून पुरुष धावत बाहेर आले, त्यांना वाटलं पोस्टमन. हैदरला पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं अन् आत गेले. पुढच्या गावात त्यानं ओरडायचं ठरवलं. घसा साफ केला, तोंड उघडलं, अन् समोरच्या बंद दाराकडं लक्ष गेलं. या दारामागं कोण असेल, काय झालं असेल, असा विचार आला अन् तोंड आपोआप मिटलं. बापाची शिकवण अशी एका दिवसात थोडीच जाते. दोन-चार बाया पाणी आणताना दिसल्या म्हणून थांबल्या, बांगड्या भरल्या, एकसुद्धा वाढली नाही. त्यांनी उलट त्यालाच विचारलं, "हैदरभाऊ, आलते कवा तुमी? आमाले तं ऐकूच नाई आलं."

आठवडाभर तेच. हात सोन्यासारखा, अन् पेटी भरलेलीच परत. दांड्या होत्या तेव्हा बाया यायच्या, पण हात चालत नव्हता. आता हात चालतो, तर बाया येत नाहीत. हसावं की रडावं? अख्तरीनं स्टँडवरच्या एका रिकाम्या टपरीची चौकशी करून ठेवली, हे हैदरला दुसऱ्याकडून कळलं. नजीरनं निरोप धाडला, दांड्या दुकानात टांगून ठेवल्या आहेत, हव्या तर परत बसवून देतो. परत बसवायच्या म्हणजे वर्षभरात अंगठा कामातून जाणार, अन् मग टपरी ठरलेलीच. नाही बसवल्या, तर टपरी आत्ताच. हैदरनं ठरवलं, एकदा सुलतानपूरची फेरी करू. तिथंही हेच झालं, तर दांड्या बसवू, अन् निभेल तितके दिवस निभवू.

मंगळवारी सुलतानपुरात तो दुपारच्या आत पोचला. नारायणरावांच्या गल्लीत वळला, अन् तिसऱ्याच घरासमोर त्याला एकदम ब्रेक दाबावा लागला. ओट्यावर तानाबाई बसली होती. मांडीवर सूप, सुपात लाल मिरच्या, देठ खुडत होती. कपाळ उघडं, हात उघडे.

ही तानाबाई म्हणजे सहदेवची बायको. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून हैदरनंच तिला बांगड्या भरलेल्या. रंगाची तिला भारी हौस. पेटी उघडली की बाकीच्या बाया आधी तिला विचारायच्या, ताना, मले कोनता शोभन व. मग एका उन्हाळ्यात सहदेव तापानं गेला. त्यानंतर किती वर्षं लोटली, हैदरनं तिला एकदाही पाहिलं नव्हतं. त्या घरावरून जाताना तो मान खाली घालायचा, दार लोटलेलं असायचं. आपण तिच्या दारी ओरडत नाही, थांबत नाही, तिचं दुःख जपतो, असंच त्याला वाटत आलं होतं.

आता ती अशी पुढ्यात. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं अन् दचकली. उठायला गेली, पण मांडीवर मिरच्यांनी भरलेलं सूप. उठेल कशी?

"बसा बाई, बसा," हैदर म्हणाला. त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मी चाललोच."

"आवाज नाई आला तुमच्या सायकलचा," ती म्हणाली.

"दांड्या काढल्या. वायरचे ब्रेक बसवले. वाजत नाई आता."

तानाबाईनं वायरीकडं पाहिलं. मग एक मिरची उचलली, तिचा देठ खुडला. "म्हनूनच बसलेली सापडली मी तुमाले. नाईतर आवाज आला का मी उठते. हातातलं काम खाली ठेवते, आत जाते, कवाड लोटते. तुमी गल्लीच्या पार झाले का मंग येते बाहेर."

"काऊन पन?" हैदरनं विचारलं. "कोनं सांगतलं तुमाले आत जायले?"

"सांगायले कोन पायजे? बांगड्यावाला आला का साऱ्या बाया बाहेर येतात. तवा मी तिथं कायले पायजे?" ती सहज बोलत होती, रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. "पयले पयले वाईट वाटे. मंग सवय झाली. खडखड आली का पायच उठतात."

हैदरला खरंच लागलं ते. इतकी वर्षं तो ज्याला सभ्यता समजत होता, तो या बाईला दर फेरीला दिलेला हुकूम होता. ऊठ, आत जा, दार लाव. बापानं चांगल्या मनानं शिकवलं, त्यानं चांगल्या मनानं पाळलं, अन् कवाडाआड बसलेल्या बाईला एकदाही कोणी विचारलं नाही. ओट्याच्या कडेला तो मटकन बसला.

"चुकलं बाई माह्यं," तो म्हणाला.

"तुमचं काय त्याच्यात," तानाबाई म्हणाली. मग पेटीकडं पाहत तिनं विचारलं, "नवीन काय आनलं?"

हैदर घुटमळला. कोणासाठी, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"पाह्यले काय लागते?" तीच म्हणाली. "दाखवा तं."

त्यानं पेटी उघडली. तानाबाईनं हात पदराला पुसले, बांगड्यांची एक माळ उचलली अन् उन्हात धरली. मग दुसरी. फिरोजाबादचा नवा अंजिरी माल होता, त्यावर तिची नजर थांबली. ती माळ तिनं खाली ठेवलीच नाही. तिचा चेहरा असा काही खुलला, की हैदरला ती नवी नवरी होती तेव्हाची आठवण झाली, अन् त्यानं मुकाट्यानं सगळ्या माळा बाहेर काढून ओट्यावर मांडल्या.

"हा अंजिरी आमच्या सूनबाईले," ती म्हणाली. "पुष्पा गोरी आहे, तिले शोभन. अन् हा पोपटी कोनाले नका देऊ, लवकर रंग जाते त्याचा. पन बाकीच्या बाया कुठी आहेत?"

"कोनाले ऐकूच जात नाई आता. मी काई बोलवत नाई. तुमाले तं माहीत आहे."

तानाबाईनं सूप बाजूला सरकवलं. उठली, ओट्यावरून खाली उतरली, गल्लीच्या मधोमध उभी राहिली, पदर सावरला अन् आवाज दिला. "पुष्पे, ये व बाहेर. अन्नपूर्णामाय, मन्यार आला. या साऱ्या जनी."

दारं उघडली. बाया बाहेर आल्या, अन् उंबऱ्यातच थबकल्या. बांगड्यावाला आल्याचं सांगतंय कोण, तर तानाबाई. तिच्या हातात अजून ती अंजिरी माळ. पुष्पानं सासूकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. कोणी पुढं येईना, कोणी मागं जाईना. तानाबाईच्याही ते आता लक्षात आलं, अन् तिच्या हातातली माळ हळूहळू खाली यायला लागली. हैदरचा जीव टांगणीला लागला. त्याला त्या क्षणी फेरी आठवली नाही, टपरी आठवली नाही. ही बाई आता पुन्हा आत जाऊन कवाड लोटेल, अन् ते आपल्यामुळं होईल, एवढंच त्याला दिसत होतं.

सगळ्यांच्या मागून अन्नपूर्णाबाई काठी टेकत आली. तिनं आधी तानाबाईकडं पाहिलं. मग ओट्यावरच्या बांगड्यांकडं. मग ती सरळ ओट्याशी आली, हैदरसमोर बसली अन् आपला सुरकुतलेला हात पुढं केला.

"ताना," ती म्हणाली, "मले आताशा रंग नाई दिसत बरोबर. तू निवडून दे."

तानाबाई येऊन अन्नपूर्णाबाईच्या शेजारी बसली अन् माळा चाळायला लागली. मग बाकीच्याही आल्या. मग काय विचारता, ओट्यावर जागा उरली नाही. ताना, मले कोनता. ताना, हा मोरपिशी कसा दिसन. पुष्पाला अंजिरी भरला. हैदर एकेक हात हातात घेत होता, माहेरचं विचारत होता, अन् बांगड्या सर्रकन चढत होत्या. एकही वाढली नाही. अन्नपूर्णाबाईनं तर त्याचा अंगठा धरून पाहिला अन् म्हणाली, पुढच्या सालात दुसऱ्या नातीचं लग्न आहे, चुडा तूच भरजो. घरी अख्तरीला त्यानं हे सांगितलं, त्यानंतर टपरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढं बाकीच्या गावांतही हैदरनं हेच केलं. प्रत्येक गावात असं एकतरी घर होतं, ज्याच्यापुढून तो मान खाली घालून जायचा. आता तो आधी तिथंच थांबायला लागला. पेटी उघडायचा अन् म्हणायचा, बाई, रंग पाहून घ्या, अन् जमलं तर बायांना हाक मारा. सगळीकडं जमलं असं नाही. एका गावात त्याच्या तोंडावर दार लागलं, एकीच्या दिरानं शिव्या दिल्या, अन् त्या गावाची फेरी त्याला सोडावी लागली. पण जिथं जमलं तिथं जमलं, अन् फेरी चालू राहिली.

ते सगळं पुढचं. त्या दिवशी सुलतानपुरात बाया बांगड्या भरून, नमस्कार करून घरोघर गेल्या. ओट्यावर तानाबाई अन् हैदर दोघंच उरले. त्यानं पेटी कॅरिअरला बांधली. तानाबाईनं मिरच्यांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"थ्या दांड्या फेकल्या का आहेत अजून?" तिनं विचारलं.

"आहेत. मेहुन्याच्या दुकानात टांगल्या. परत बसवा म्हन्तात सारे."

तानाबाईनं हातातल्या मिरचीचा देठ खुडला, मिरची सुपात टाकली अन् त्याच्याकडं पाहिलं.

"नका बसवू," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी या. मी बाहेरच बसून राहीन."